तरंगता पूल रुंद करताना

हावडा पूल म्हटला की हुगळीवरचा पोलादाचा तो प्रचंड सांगाडा डोळ्यांपुढे येतो. तो १९४३ च्या फेब्रुवारीत वाहतुकीस खुला झाला. त्यापूर्वीची जवळजवळ सत्तर वर्षे कोलकाता आणि हावडा यांना जोडणारा पूल नदीत उभा नव्हता. तो नदीवर तरंगत होता. सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी आखलेल्या त्या पुलाचे भाग इंग्लंडात तयार झाले, जहाजांतून कोलकात्यास आले आणि येथे जोडले गेले. लांबी १,५२८ फूट, रुंदी ६२ फूट. जहाजांना वाट देण्यासाठी मधला दोनशे फुटांचा भाग बाजूला सारता येत असे. पूल पुरा होण्याआधीच, २० मार्च १८७४ रोजी, चक्रीवादळात ‘एगेरिया’ ही आगबोट नांगर तुटून त्याच्यावर आदळली. तीन पाँटून बुडाले आणि सुमारे दोनशे फुटांची मोडतोड झाली. दुरुस्ती करून त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला पूल खुला करण्यात आला.

पाँटून म्हणजे पाण्यावर तरंगणारी पोकळ, बंद पेटी. अशा पेट्यांची रांग नांगरांनी जागेवर धरून ठेवायची आणि तिच्यावर रस्ता अंथरायचा, ही कल्पना सैन्यांइतकीच जुनी आहे. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात असे तीस पूल उभारले गेले आणि मेळा संपल्यावर सोडवले गेले. मेळ्याचा पूल काही महिन्यांचा पाहुणा असतो. त्याच्यावर उद्याच्या वाहतुकीचा भार नसतो. प्रश्न निर्माण होतो तो तरंगता पूल पिढ्यान्‌पिढ्या वापरायचा ठरवला की. शहर वाढते, गाड्या जड होतात, मार्गिका अपुऱ्या पडतात, आणि कोणीतरी विचारते : हाच पूल जरा रुंद करता येणार नाही का?

कोलकात्यात हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीच उभा राहिला. १९०६ मध्ये बंदर आयुक्तांनी सोळा दिवस पुलावरील वाहनांची मोजदाद केली. सर्वाधिक गर्दीच्या दिवशी, २७ ऑगस्टला, दर तेरा वाहनांपैकी आठ बैलगाड्या होत्या. पुलावरचा रस्ता ४८ फूट रुंद होता, पण किनाऱ्यालगतच्या गाळ्यांत तो ४३ फुटांवर येई. म्हणजे गर्दी जिथे पुलावर चढणार तिथेच तो आवळलेला होता. नव्या पुलासाठी नेमलेल्या समितीने आगबोटींपासून बोगद्यापर्यंत सहा पर्याय तपासले आणि कौल दिला तो पुन्हा तरंगत्या पुलालाच, मात्र साठ फूट रस्त्याच्या. तेवीस कंपन्यांकडून आराखडे मागवले गेले. मग पहिले महायुद्ध आले. जुन्या पुलाचे १९१७ आणि १९२७ मध्ये अंशतः नूतनीकरण करून काम भागवण्यात आले. दरम्यान १९२१ मध्ये सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांच्या समितीने हा विषय पुन्हा हाती घेतला आणि विचाराची दिशा पाण्यावर न टेकणाऱ्या पुलाकडे वळली. हुगळीच्या दोन्ही काठांवर भक्कम पाये घालता येत होते आणि नदी एकाच उडीत ओलांडण्याजोगी होती. म्हणून कोलकात्याची सुटका झाली. प्रत्येक शहराला ती सोय नसते.

अडचण कुठे आहे, ते एका साध्या गणितातून दिसते. समजा, एक पाँटून १०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आहे. पाण्याला टेकलेले त्याचे क्षेत्रफळ २,००० चौरस मीटर. तो एक सेंटिमीटर खाली गेला की वीस घनमीटर, म्हणजे वीस टन पाणी बाजूला सारतो. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे वीस टनांचा भरलेला ट्रक त्याला बरोबर एक सेंटिमीटर दाबतो, आणि ट्रक निघून गेला की पाँटून पुन्हा वर येतो. यात भिण्यासारखे काही नाही. पण रस्ता खराब झाला म्हणून त्याच पाँटूनवर दहा सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा नवा थर घातला, तर सुमारे ४८० टन कायमचे वाढतात आणि पाँटून २४ सेंटिमीटर खाली जाऊन तिथेच राहतो. पाण्याबाहेर त्याची उंची दोन मीटर उरली असेल, तर तिचा जवळजवळ आठवा भाग एका डांबरी-काँक्रिटी निर्णयात खर्च झाला. जमिनीवरच्या पुलाचा खांब वाढीव भाराला जमिनीकडून जास्त प्रतिक्रिया मागून घेतो. तरंगत्या पुलापाशी मागण्यासारखे फक्त स्वतःचे रिकामेपण असते. लाटांना, वादळांना आणि गळतीला तोंड देण्यासाठी राखलेली हीच ती शिल्लक.

रुंदीकरणाची गोष्ट याहून अवघड आहे. तरंगती वस्तू कलंडण्यास किती विरोध करते, हे पाण्याला टेकलेल्या रुंदीच्या घनावर अवलंबून असते. पाँटूनची रुंदी सव्वापट केली, तर हा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. ही चांगली बातमी. परंतु जुन्या पुलाची रुंदी वाढवताना सहसा पाँटून रुंद होत नाहीत. रुंद होतो तो वरचा रस्ता, बाजूंना काढलेल्या कॅन्टिलिव्हर सज्ज्यांच्या रूपाने. भार पाँटूनच्या कडेबाहेर सरकतो आणि त्याला तोलणारे पाणी मात्र पूर्वीइतकेच राहते. वरून पाहिले तर नवा, प्रशस्त पूल. पाण्याच्या दृष्टीने तोच जुना, फक्त अधिक जड आणि अधिक डोईजड.

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, हे पाहायचे तर अमेरिकेतील सिएटल शहराकडे वळावे लागते. शहराच्या पूर्वेस वॉशिंग्टन सरोवर आहे. ते साठ मीटरांहून अधिक खोल आहे आणि तळाशी मऊ गाळाचा जाड थर. इतक्या खोलात खांब रोवणे हे त्या काळी खर्चाच्या आणि तंत्राच्याही आवाक्याबाहेरचे होते. पहिल्या महायुद्धात काँक्रीटच्या जहाजांवर काम केलेल्या होमर हॅडली या अभियंत्याला सुचले की जहाजे काँक्रीटची होऊ शकतात, तर पूलही काँक्रीटचा तरंगू शकेल. १९२० च्या सुमारास मांडलेली ही कल्पना बराच काळ थट्टेचा विषय ठरली. अखेर राज्याच्या महामार्ग विभागाचे संचालक लेसी मरो यांच्या काळात ती साकार झाली आणि २ जुलै १९४० रोजी सुमारे दोन किलोमीटर लांबीचा तरंगता पूल खुला झाला.

या पुलाच्या मध्यभागी एक विचित्र फुगवटा होता. जहाजे जाण्यासाठी पुलाचा एक तुकडा मागे सरकून ज्या पोकळीत शिरत असे, ती पोकळी टाळण्यासाठी रस्ता दोन्ही बाजूंना वळसा घेई. घोडागाडीच्या वेगाला हे चालून गेले असते, पण वेगाने येणाऱ्या मोटारींसाठी तो अपघातांचा सापळा ठरला. १९८१ मध्ये फुगवटा काढून पूल सरळ करण्यात आला. ही त्याची पहिली मोठी शस्त्रक्रिया; ती सुखरूप पार पडली.

दुसरी शस्त्रक्रिया १९८९ नंतरची. त्या वर्षी ४ जूनला शेजारीच दुसरा तरंगता पूल सुरू झाला आणि अर्धशतक राबलेला जुना पूल दुरुस्तीसाठी बंद करता आला. आंतरराज्य महामार्गाच्या नियमांप्रमाणे मार्गिकांना ठराविक रुंदी हवी होती. जुने पदपथ काढायचे, बाजूंना कॅन्टिलिव्हर सज्जे जोडायचे आणि रस्त्याचा पृष्ठभाग नवा करायचा, असा बेत होता. काँक्रीट फोडण्यासाठी अतिउच्च दाबाच्या पाण्याचे फवारे वापरण्याचे ठरले. घणाने हादरे बसतात आणि जुन्या पाँटूनना तडे जाण्याची भीती असते. फवारा हवे तेवढेच काँक्रीट सोलून काढतो. निवड योग्यच होती. पण सोललेल्या काँक्रीटचे गढूळ पाणी पर्यावरणाच्या कायद्यानुसार सरोवरात सोडता येत नव्हते. मग ते ठेवायचे कुठे?

अभियंत्यांनी हिशेब केला. पाँटूनची वहनक्षमता गरजेपेक्षा बरीच जास्त होती. तेव्हा हे पाणी तात्पुरते पाँटूनच्या पोटातच साठवावे, असे ठरले. त्यासाठी आतील कप्प्यांची जलरोधक दारे काढून टाकण्यात आली. कागदावर हा हिशेब चुकलेला दिसत नाही. गरजेपेक्षा जास्त असलेली क्षमता म्हणजे वापरायला मोकळी असलेली कोठी, हे गृहीतक मात्र चुकीचे होते. ती कोठी राखीव होती, आणि तिच्यावरचा पहिला हक्क वादळाचा होता.

वादळ २२ नोव्हेंबर १९९० रोजी आले. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा तो आठवडा. पावसाचे आणि लाटांचे पाणी उघड्या कप्प्यांत शिरत राहिले. काही पाँटून खाली बसत असल्याचे कामगारांच्या लक्षात आले आणि पंप लावून उपसा सुरू झाला. पण येणारे पाणी जाणाऱ्या पाण्याच्या पुढे होते. रविवारी, २५ नोव्हेंबरला, एक पाँटून भरला आणि बुडाला. पाँटून पोलादी तारांनी एकमेकांशी घट्ट आवळलेले होते, आणि ताणाखाली असताना त्यांना विलग करण्याची सोय नव्हती. बुडणाऱ्याने शेजाऱ्याला ओढले, शेजाऱ्याने पुढच्याला. बघता बघता सुमारे ८५० मीटर लांबीचा पूल सरोवराच्या तळाशी गेला. हे सर्व सावकाश, दिवसाढवळ्या, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर घडले. पूल वाहतुकीस बंद असल्याने आणि बुडण्यास वेळ लागल्याने कोणाला इजा झाली नाही. नुकसान ६ कोटी ९० लाख डॉलरचे. बुडताना जुन्या पुलाने शेजारच्या नव्या पुलाच्या नांगरांच्या काही ताराही तोडल्या. आणि ज्या दूषित पाण्यापासून सरोवर वाचवण्यासाठी हा खटाटोप झाला, ते पाणी पुलाच्या अवशेषांसह सरोवरातच गेले.

पोटात शिरलेले पाणी केवळ त्याच्या वजनामुळे घातक असते, असे नाही. भरलेली टाकी आणि अर्धी भरलेली टाकी यांच्या वागण्यात फरक आहे. अर्धवट भरलेल्या पेटीत पाण्याला मोकळा पृष्ठभाग मिळतो. पेटी किंचित कलली की पाणी खालच्या बाजूस धावते, कल वाढतो, मग आणखी पाणी धावते. कलंडण्यास होणारा विरोध याच प्रमाणात कमी होतो, आणि इथेही रुंदीचा घनच कार्य करतो. म्हणून पेटीच्या मधोमध लांबीच्या दिशेने एकच भिंत घातली, तर हा घातक परिणाम चौथाईवर येतो. चार कप्पे केले तर सोळाव्या हिश्श्यावर. जहाजबांधणी करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जलरोधक दारे ही कोठीची दारे नसतात; ती बंद असतात तेव्हाच कप्पा हा कप्पा असतो. ती काढली की अनेक लहान पेट्यांची एक मोठी पेटी होते, आणि ते गणित उलट्या दिशेने चालू लागते.

याच राज्यात अकरा वर्षांपूर्वी असा धडा मिळून गेला होता, हे विशेष. हूड कालवा हा नावाने कालवा असला तरी प्रत्यक्षात समुद्राचा एक अरुंद, खोल फाटा आहे. १९६१ मध्ये त्यावर बांधलेला तरंगता पूल पाच मीटर भरती-ओहोटीसह खाली-वर होतो. १३ फेब्रुवारी १९७९ च्या वादळात ताशी १९० किलोमीटरपर्यंतचे झोत असल्याचा अंदाज होता. वाऱ्याचा दाब हलका व्हावा म्हणून जहाजांसाठीचा मधला भाग उघडण्यात आला, तरीही पुलाचा पश्चिम अर्धा भाग बुडाला. पाँटूनवरची झाकणे उडून आत पाणी शिरले, हे त्याचे एक कारण मानले गेले. तो अर्धा भाग १९८२ मध्ये नव्याने बांधला गेला.

उरलेला पूर्व अर्धा भाग बदलण्याची आणि पश्चिम भाग रुंद करून त्याच्याशी जुळवण्याची वेळ २००३ नंतर आली. तरंगत्या पुलाचे नवे पाँटून कोरड्या गोदीत बांधून मग पाणी सोडून तरंगवावे लागतात. त्यासाठी किनाऱ्यावर मोठी जागा लागते. पोर्ट एंजेलिस या गावी अशी जागा खोदण्यास सुरुवात झाली आणि ऑगस्ट २००३ मध्ये मातीतून माणसांच्या अस्थी निघू लागल्या. ते क्लालम लोकांचे त्से-व्हिट-झेन हे गाव होते. तिथली वस्ती सुमारे २,७०० वर्षे जुनी. तीनशेहून अधिक दफने सापडली. पूर्वजांना हलवू नका, असे लोअर एल्व्हा क्लालम जमातीने सांगितले, आणि डिसेंबर २००४ मध्ये राज्याने ती जागा सोडली. कोट्यवधी डॉलर खर्च झालेले होते. पाँटून मग टाकोमा आणि सिएटल येथे बांधले गेले. पुलाचा पूर्व भाग २००९ च्या मे महिन्यात काढला गेला, त्या जागी नवा जोडला गेला आणि ३ जूनला वाहतूक पुन्हा सुरू झाली. बारा फुटी दोन मार्गिका आणि दोन्ही बाजूंना आठ फुटी मोकळी कड, एवढ्याचसाठी हे सारे होते. बंद पडलेली गाडी पूर्वी अख्खी मार्गिका अडवी. ती आता कडेला घेता येते. पाण्यावरचा पूल रुंद करण्याचा निर्णय जमिनीवरच्या कोणाच्या अंगणात जाऊन पोहोचेल, हे आराखड्यात दिसत नसते.

वॉशिंग्टन सरोवरावर १९६३ मध्ये बांधलेल्या एव्हरग्रीन पॉइंट पुलाची कथा वेगळ्या मार्गाने गेली. १९९३ च्या जानेवारीतील वादळाने त्याला तडाखा दिला. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. लाटांनी पाँटून वाकले की तडे उघडतात आणि पाणी झिरपते. उपाय म्हणून १९९९ मध्ये ताणलेल्या पोलादी तारांनी पाँटून पुन्हा आवळण्यात आले. तडे मिटले, पूल बळकट झाला, आणि जडही. दर दुरुस्तीगणिक तो पाण्यात थोडा अधिक खाली बसत गेला. अशा पुलावर नव्या मार्गिका टाकण्याचा विचारही शक्य नव्हता. २०१६ मध्ये शेजारी नवा पूल उभा राहिला आणि जुना मोडण्यात आला.

नव्या पुलाची आखणी पाहिली, की आधीच्या पन्नास वर्षांतून काय शिकले गेले ते कळते. त्याचे ७७ पाँटून आहेत. त्यांपैकी लांबीच्या दिशेने ठेवलेले २१ पाँटून प्रत्येकी ३६० फूट लांब, ७५ फूट रुंद आणि ११,००० टनांचे. त्यांच्या दोन्ही अंगांना ५४ लहान, पूरक पाँटून जोडलेले आहेत. होडीच्या बाजूला आडवा लाकडी तोल बांधण्याची रीत कोकण-मलबारपासून पॅसिफिकपर्यंत कोळ्यांना ठाऊक आहे; तत्त्व तेच. पाण्याला टेकलेली रुंदी वाढते आणि तिच्या घनाने स्थैर्य वाढते. पुढे कधी या पुलावर रेल्वे आणायची झाली, तर आणखी पूरक पाँटून जोडण्यास वाव ठेवलेला आहे. रस्त्याच्या आधी पाणी रुंद करायचे, हा क्रम इथे प्रथमच आराखड्यात शिरला.

१९८९ च्या पुलाला ही मुभा नव्हती. होमर हॅडलीचे नाव मिळालेला हा पूल रेल्वेचा विचार मनात ठेवून बांधलेला असला, तरी त्यावर प्रत्यक्ष रूळ अंथरायची वेळ आली तेव्हा प्रत्येक टनाचा जाब द्यावा लागला. रेल्वे शक्य आहे का, हे २००८ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घेतले गेले. पाँटून अधिक तारांनी आवळले गेले. रेल्वे १,५०० व्होल्टच्या एकदिश विद्युतप्रवाहावर चालते. रुळांतून निसटलेला प्रवाह पाण्यातून आणि पोलादातून वाट काढत गेला, तर तो काँक्रीटमधील सळया आणि नांगरांच्या तारा गंजवतो, म्हणून त्याचाही वेगळा बंदोबस्त करावा लागला.

सर्वांत नाजूक जागा किनारा आणि पूल यांच्या सांध्याची. किनाऱ्यावरचे रूळ स्थिर. पुलावरचे रूळ वारा, लाटा, मोटारींचा भार आणि सरोवराची पातळी यांप्रमाणे सहा प्रकारे हलणारे : वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे, आणि तिन्ही अक्षांभोवती वळणारे. मोटारीचे रबरी चाक सांध्यावरचा छोटा कोन सहज सोसते. रुळावरच्या पोलादी चाकाला तो सोसत नाही. त्यासाठी फिरत्या आधारांवर बसवलेले असे जोड तयार झाले, की जे पुलाची तीक्ष्ण हालचाल लांब, सौम्य वक्रात पसरवतात. २०१३ मध्ये कोलोरॅडोतील प्वेब्लो येथे जमिनीवर त्यांची चाचणी झाली. बारा वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, पहिली गाडी स्वतःच्या विजेवर सरोवर पार करून गेली. सरोवराची पातळी बॅलार्ड येथील जलपाशांमधून नियंत्रित केली जाते आणि दर हिवाळ्यात ती सुमारे दोन फूट उतरवली जाते. तेव्हा किनाऱ्याकडून पुलावर येणारे रूळ त्या जोडांमध्ये थोडे अधिक वाकतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी चढले की परत सरळ होऊ लागतात.